मदत हवी आहे: चर्चतर्फे वस्तीत काम करायचंय, पण लोकांच्या मनात शंका आहे

नमस्कार मंडळी,

उत्तर नागपुरात आमचं लहानसं मराठी चर्च आहे. आजूबाजूची वस्ती बहुतेक बौद्ध, थोडी हिंदू, चार-दोन मुस्लिम घरं. नाताळात आमच्या घरचा केक सगळीकडे जातो, भीमजयंतीच्या मिरवणुकीला आम्ही सरबत वाटतो. शेजार चांगलाच आहे. यंदा तरुण संघाचं म्हणणं पडलं की वर्षातून दोनदा तोंड दाखवण्यापेक्षा काहीतरी कायमचं करू. चर्चच्या हॉलमध्ये संध्याकाळची अभ्यासिका आणि एक सिकलसेल (आई-वडिलांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार) तपासणी शिबिर, असं डोक्यात आहे.

अभ्यासिकेचं सांगायला घरोघरी गेलो तर एका काकूंनी दारातच विचारलं, "फी नाही म्हणता, मग पोरांकडून घेणार काय?" विचारलं हसूनच, पण उत्तर मिळेपर्यंत दारातून हलल्या नाहीत. आमच्यातला एक जण म्हणाला, "काही नाही काकू, सेवा आहे." त्यावर त्या आणखीच सावध झाल्या. मला त्यांचं काही चुकलं असं वाटत नाही. ज्यांचे आजी-आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांसोबत दीक्षा घ्यायला उभे होते, त्यांना विचारपूर्वक धर्म बदलणं काय असतं ते आपण शिकवायला नको. वह्या-पुस्तकांच्या आडून कोणी आलं तर तेही त्यांना लगेच ओळखू येतं.

इकडे चर्चमध्ये उलटीच तऱ्हा. कमिटीतल्या एका वडीलधाऱ्या काकांचं म्हणणं, सुरुवातीला प्रार्थना नाही, जाताना हातात सुवार्तेचं पत्रक नाही, तर मग हे काम रोटरीवाल्यांनी केलेलं काय वाईट? ते घटनेचं कलम २५ काढतात: प्रसाराचा हक्क आहे. आहेच. पण प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, हे सुप्रीम कोर्टाने १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलंय, ते मी दाखवलं. मग गाडी मिशनऱ्यांनी नागपुरात काढलेल्या हिस्लॉप कॉलेजवर गेली, मिशनने कधी बायबल बाजूला ठेवलं होतं का म्हणून. नसेल ठेवलं. पण १८८३ पासून तिथे शिकलेले बहुतेक जण आपापल्या धर्मातच राहिले, आणि कॉलेजचा मान काही त्यामुळे कमी झाला नाही.

माझं मत असं, की बोर्डावर चर्चचं नाव ठळक लिहावं, लपवाछपवी नको. मात्र रक्ताच्या तपासणीसाठी एक हात पुढे करणाऱ्याच्या दुसऱ्या हातात पत्रक देऊ नये. रविवारची उपासना सगळ्यांना खुली आहे, ज्याला वाटेल तो येईल.

तुमच्याकडे असं काम कोणी केलंय का? लोकांशी कसं बोललात? आणि शिबिर घेताना कशाची काळजी घ्यावी?

प्रतिसाद १
मी लॅबमध्ये आहे, धर्माचं मला विचारू नका. बोटातून थेंबभर रक्त घेऊन सोल्युबिलिटी टेस्ट जागच्या जागी होते, पण तिच्यावरून वाहक की रुग्ण ते कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही लॅबमधली पुढची तपासणी लागते. तेव्हा मेडिकल, मेयो नाहीतर डागा, यांपैकी कुठल्या तरी सरकारी हॉस्पिटलात आधी बोलून ठेवा. पॉझिटिव्ह आलेल्यांना पुढे कुठे पाठवायचं ते ठरल्याशिवाय तारीख जाहीर करू नका.
दुसरं, निकाल बंद पाकिटात, ज्याचा त्याच्याच हातात. एका शिबिरात माइकवरून नावं पुकारून "पॉझिटिव्हवाले इकडे या" केलेलं मी पाहिलंय. लग्नाच्या मुलींच्या आया रडकुंडीला आल्या होत्या. वाहक म्हणजे आजारी नव्हे. दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता २५ टक्के. हे शांतपणे समजावणारा माणूस टेबलावर हवाच.

प्रतिसाद २
मी अशाच वस्तीतला, बौद्ध. भाऊ, "सेवा" म्हटलं की आमचेही कान टवकारतात. काकूंना सरळ सांगा: आम्ही चर्चवाले, प्रार्थना रविवारी असते, अभ्यासिकेत होणार नाही. आणि हॉलची एक चावी वस्तीतल्या दोघांकडे द्या. विहारातल्या अभ्यासिकेत पोरं येतात ती रोज उघडणारा माणूस ओळखीचा असतो म्हणून. परीक्षा जवळ आली की तिथे बसायला जागा मिळत नाही, त्यामुळे गरज आहेच.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. चावीचं रविवारी कमिटीपुढे मांडतो, काका आढेवेढे घेतील पण पाळकसाहेबांना पटेल असं वाटतं. लॅबमधल्यांना आणखी एक विचारायचं होतं: शाळकरी मुलांची तपासणी करायची तर पालकांची लेखी संमती कशी घेता? नमुना असेल तर इथेच टाका, म्हणजे बाकीच्यांनाही उपयोगी पडेल.