वयाचा विचार केल्याशिवाय तुलना अपुरी

ऑनलाइन आणि प्रत्यक्ष शाळेची तुलना करताना, ऑनलाइन शाळेमुळे प्रवासाचा वेळ वाचतो आणि मूल स्वतःच्या गतीने शिकते, असा मुद्दा मांडला जातो. तो नववी-दहावीच्या मुलांपुरता मला मान्य आहे. मात्र पहिली-दुसरीच्या मुलांना तो लागू करणे मला धोक्याचे वाटते. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या आणि बहुतेक ठिकाणी पहिली ते चौथीचे वर्ग डिसेंबर २०२१ मध्येच उघडले, म्हणजे २०२० साली पहिलीत नाव घातलेले मूल वर्गात न बसताच दुसरीत गेले होते. पेन्सिल कशी धरायची, अक्षराला वळण कसे द्यायचे, हे बाई शेजारी बसून मुलाचा हात धरतात तेव्हा साधते. पडद्यावरून त्यांना मुलाचा चेहरा दिसला तरी वही दिसत नाही. मुलांचे वाचन आणि गणित तपासणाऱ्या 'असर' या ग्रामीण पाहणीत दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्या तिसरीतील मुलांचे देशभरातील प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते, ते २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर घसरले. याचा सगळा दोष ऑनलाइन वर्गांना देता येणार नाही, कारण अनेक घरांत एकच फोन होता आणि तोही वडिलांबरोबर कामावर जात असे. म्हणूनच सह्याद्री वाहिनीवरील 'टिलीमिली' या शालेय धड्यांच्या मालिकेचे मला मोल वाटते, कारण तिला इंटरनेट लागत नव्हते. शाळेत मिळणारे दुपारचे गरम जेवण मात्र कोणत्याही पडद्यावरून पोहोचत नाही, आणि ही बाब या तुलनेत क्वचितच मोजली जाते.