मदत हवी आहे: सोनेरी एम्बॉसिंग पावडर कागदभर चिकटते आणि देवनागरी अक्षरं बुजतात

कागदवेडी (वडोदरा)

नमस्कार मंडळी,

श्रावणात सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. आमंत्रणं बाहेर छापायची नाहीत, तू करतेस तसली कार्डं कर, असं सासूबाईंचं फर्मान निघालंय. चाळीसेक कार्डं लागतील. हजार पौर्णिमांना ८० वर्षं आणि वर दहाएक महिने लागतात, हा हिशेब सासऱ्यांनी स्वतः मांडून दाखवला (गणिताचे मास्तर होते, गप्प कसे बसतील!), म्हणून कार्डावर चंद्र हवाच. गडद मरून कागद, त्यावर गोल डायने (कागद कापायच्या धारदार साच्याने) कापलेला मोत्याच्या रंगाचा चंद्र, खाली सोनेरी उठावात 'सहस्रचंद्रदर्शन सोहळा'. एवढंच. फुलं, रिबिनी, मोती काही नाही.

आता अडचणी.

शिक्का उमटवते, पावडर टाकते, कागद उभा धरून टिचकी मारते. जादा पावडर पडायला हवी, पण अक्षरांच्या आजूबाजूला सगळीकडे सोनेरी कोंडा राहतो. हीट गन फिरवली की तोही वितळून कायमचा बसतो. हाच कागद, हीच पावडर. संक्रांतीच्या कार्डांना काही त्रास नव्हता.

दुसरं, ओळीचा शिक्का रावपुऱ्यात करून घेतलाय. 'स्र' आणि 'द्र' यांच्या पोटात पावडर भरते आणि 'चं'वरचा अनुस्वार शेजारच्या रेघेला जाऊन मिळतो. इंग्रजी शिक्के मात्र त्याच पावडरीत स्वच्छ येतात.

तिसरं, चंद्राचा डाय एका बाजूला कापतच नाही. मशीन हाताने फिरवायचं आहे, बिग शॉटसारखं. त्या बाजूला कात्री लावावी लागते आणि मग गोल तो गोल राहत नाही.

शाईचा पॅड पिगमेंटचा आहे. हीट गन हार्डवेअरच्या दुकानातली, दोन वेगांची. कृपया 'सरळ प्रिंट काढा' असं सांगू नका, ते घरात रोज ऐकते आहे.

शेवउसळ

पहिल्याचं उत्तर खिडकीबाहेर बघा! आषाढातल्या हवेत कागद ओल धरतो. त्यात हाताचा घाम. पावडरीला चिकटायला तेवढं पुरतं. मलमलच्या फडक्यात कॉर्नफ्लॉवरची पुरचुंडी बांधा आणि शिक्का मारण्याआधी कागदावर हलक्या हाताने थोपटा. टाल्कम पावडरही चालते, फक्त वासाची नको, कार्ड उघडल्यावर न्हाव्याच्या दुकानात आल्यासारखं वाटतं.

कागदवेडी

पुरचुंडी करून पाहिली. बराच फरक पडला, पण मरून कागदावर पांढरट झाक राहते. ती पुसायला गेलं की पुन्हा बोटं लागतात.

प्रेसवाले_काका

सूनबाई, पुरचुंडीच्या आधी एक पायरी सुटते आहे. शिक्का मारण्यापूर्वी कोऱ्या कागदावरून हीट गन पाच-सात सेकंद फिरवा, दोन्ही बाजूंनी. ओल निघून जाते. कागद निवू द्या, मग पुरचुंडी अगदी नावापुरती फिरवा आणि लगेच शिक्का. सगळे कागद एकदम तापवून ठेवू नका, ठेवल्या ठेवल्या ते पुन्हा ओल पितात. उरलेले प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवा. पिठाची झाक राहिली तर एम्बॉसिंग पूर्ण झाल्यावर, कार्ड निवल्यावर, कोरड्या मऊ ब्रशने झटका. आधी पुसायचं नाही.

थंडीत उलट गंमत होते. कोरड्या हवेत कागदावर स्थिर वीज साठते आणि पावडर त्या ओढीने चिकटते. उपाय तोच, पुरचुंडी. संक्रांतीला तुम्हाला त्रास झाला नाही, नशीब म्हणा.

मी दांडिया बाजारात प्रेस चालवत होतो. तुम्ही घरी करता तेच आम्ही लग्नपत्रिकांवर करायचो, त्याला थर्मोग्राफी म्हणतात. ओल्या शाईवर रेझिनची पूड टाकायची, जादा पूड यंत्राने ओढून घ्यायची आणि पत्रिका पट्ट्यावरून हीटरखाली सरकवायची. पूड वितळते, फुगीर होते, अक्षर बोटाला लागतं. कागद स्वतः उठलेला नसतो. खऱ्या एम्बॉसिंगला नर आणि मादी असे दोन डाय लागतात, कागद त्यांच्यामध्ये दाबला जातो. तुमच्या मशीनमध्ये प्लास्टिकचे फोल्डर घालता ना, ते त्याचंच घरगुती रूप.

आता अक्षरांबद्दल. तुमच्या ओळीची उंची किती आहे, आणि शिक्का कोणत्या जातीचा? दांड्याला दाबलं की आपोआप शाई येते तो, की नुसतं रबर?

कागदवेडी

काका, शिरोरेघेपासून खाली जेमतेम ५ मिमी. दुकानदाराने आधी आपोआप शाईवालाच दिला होता, मी तो परत करून साधा पॉलिमरचा घेतला.

प्रेसवाले_काका

तो परत केलात हे उत्तम केलंत. त्याच्या अंगात शाई आतूनच मुरवलेली असते आणि ती कागदावर झटपट शोषली जाते. पावडर धरायला शाई ओली राहायला हवी, म्हणूनच पिगमेंटचा किंवा खास एम्बॉसिंगचा, व्हर्सामार्कसारखा बिनरंगी पॅड लागतो. पातळ रंगाच्या, म्हणजे 'डाय' (dye) शाईचा पॅड असेल तर (कापायचा डाय वेगळा), पावडरीचा डबा उघडेपर्यंत ती वाळलेली असते.

५ मिमीत 'सहस्रचंद्रदर्शन' मावत नाही हो. इंग्रजी 'हॅपी बर्थडे'च्या अक्षरांत पोकळ्या मोठ्या असतात. आपल्या 'स्र'मध्ये त्याच उंचीत गाठ, तिरकी रेघ आणि काना, सगळं कोंबलेलं. पावडरीचा प्रत्येक कण वितळताना थोडा पसरतो. दोन रेघांतली फट कणाएवढीच असेल तर ती बुजणारच, त्यात तुमच्या हाताचा दोष नाही.

शिक्का नवा करा. अक्षराची उंची ८ ते १० मिमी, ओळ एका कार्डात मावत नसेल तर दोन ओळी: वर 'सहस्रचंद्रदर्शन', खाली लहान 'सोहळा'. फाँट असा निवडा की सगळ्या रेघा सारख्या जाडीच्या असतील. बोरूच्या वळणाचे, जाड-बारीक फाँट दिसायला देखणे, पण त्यांच्या बारीक रेघेला पावडर पुरेशी धरत नाही आणि जाड रेघा पसरतात. संगणकावर अक्षरांमधलं अंतर किंचित वाढवा. किंचितच म्हणतोय, नाहीतर शिरोरेघ तुटते. अनुस्वार रेघेपासून थोडा वर सरकवून घ्या. पॉलिमरचा शिक्का निगेटिव्हवर अतिनील प्रकाश टाकून करतात. प्रकाश लागतो तेवढा भाग घट्ट होतो, बाकीचा धुऊन जातो. तेव्हा निगेटिव्हमध्ये फट स्पष्ट नसेल तर शिक्क्यातही येणार नाही. करणाऱ्याला सांगा, 'धुलाई खोल करा', त्याला कळेल.

आणि पावडर बदला. साधी, बारीक आणि जाड अशा तीन प्रकारच्या पावडरी मिळतात. बारीक अक्षरांसाठी डब्यावर 'डिटेल' किंवा 'सुपर फाइन' लिहिलेलं असतं ती.

मांडवीपल्याड

काकांच्या सांगण्यात एवढीच भर घालते. शाई लावताना शिक्का पॅडवर दाबू नका. शिक्का उलटा, तोंड वर करून ठेवा आणि पॅड त्यावर हलक्या हाताने टेकवत न्या. दाबलं की शाई रेघांच्या खाली, फटींत उतरते आणि पावडर तिथेही जाऊन बसते. नवा पॉलिमर शिक्का सुरुवातीला शाई धरत नाही, थेंब थेंब होते. साध्या खोडरबराने एकदा घासून घ्या.

तरीही एखादा अनुस्वार बुजलाच, तर गरम करण्याच्या आधी बारीक कोरड्या ब्रशने पावडर उचला. झीरो नंबरचा पुरतो. गरम झाल्यावर काही करता येत नाही.

कागदवेडी

तोंड वर करून शाई लावणं हे कधी डोक्यातच आलं नव्हतं! काका, गरम करताना नेमकं कधी थांबायचं? माझी अक्षरं कधी खडबडीत राहतात, कधी तेलकट दिसतात.

प्रेसवाले_काका

खडबडीत म्हणजे कमी तापलं, तेलकट आणि चपटं म्हणजे जास्त. वितळलेली पावडर जास्त तापली की कागदात उतरते आणि तकाकी जाते.

गन आधी बाजूला धरून दहा-पंधरा सेकंद तापू द्या. थंड गन थेट कार्डावर धरली की वारा आधी पोचतो आणि पावडर उडते. मग कमी वेगावर, वीतभर अंतरावरून. कार्ड चिमट्यात धरा, बोटात नाही, आणि शक्यतो खालून तापवा. एका टोकाला लक्ष ठेवा. पावडर आधी मळकट, वाळूसारखी दिसते, मग एकदम ओली होऊन चमकते. ती चमक 'स'वरून 'न'कडे सरकत जाते आणि तुमचा हात तिच्या मागोमाग जायला हवा. पुढचं अक्षर चमकलं की मागे वळायचं नाही. कार्ड वाकलं तर पूर्ण निवल्यावर जाड पुस्तकाखाली रात्रभर ठेवा. खिडकी उघडी ठेवा आणि शिक्के गनपासून लांब.

नाशिकची_नवखी

मध्येच विचारते, माफ करा. हीट गन नाहीये, हेअर ड्रायरने होईल का?

शेवउसळ

नाही. ड्रायरमध्ये वारा फार आणि ताप कमी, पावडर रंगपंचमीच्या गुलालासारखी उडेल. इस्त्री उलटी, तळ वर करून पक्की टेकवा, पूर्ण तापवा आणि कार्ड तिच्यावर थोडं अधांतरी धरा. घरात लहान मूल असेल तर हा उद्योग करू नका.

कात्रीशिवाय

चंद्राकडे कुणी बघितलंच नाही! कागदवेडी, डाय आणि कागद ज्यांच्यामध्ये ठेवून मशीनमध्ये घालता, त्या पारदर्शक प्लेटा तपासा. टेबलावर ठेवून बघा, धनुष्यासारख्या वाकल्या असतील. प्लेट नेहमी एकाच बाजूने घातली की ती एकाच बाजूला वाकते आणि खाचाही एकाच जागी खोल होतात, मग तिथे डाय कमी दाबला जातो. दर वेळी प्लेट उलटी करा आणि फिरवा. जास्त वाकली असेल तर मशीनमधून उलट बाजूने रिकामी काढा, बरीच सरळ होते.

तरी कापत नसेल तर जिथे कापत नाही तेवढ्याच भागाखाली साध्या झेरॉक्स कागदाचा तुकडा ठेवा, लागला तर दोन. सगळ्या प्लेटखाली घालू नका, दुसरीकडे दाब वाढून प्लेट तडकेल. डायची धार कागदाकडे आहे ना, तेही बघा. आणि डाय मशीनमध्ये सरळ घालू नका, थोडा तिरका घाला, म्हणजे रोलरवर सगळी धार एकदम येत नाही. गोलाला फरक कमी पडतो, चौकोनी डायला फार पडतो.

चंद्राचा कागद कोणता घेतलाय?

कागदवेडी

हातकागद, पाकळ्या घातलेला.

कात्रीशिवाय

मग अर्धं उत्तर मिळालं. हातकागदात धागे लांब असतात आणि जाडी जागोजागी वेगळी. पाकळी आली की धार अडते. तो कागद पायासाठी किंवा लिफाफ्यासाठी ठेवा. चंद्रासाठी २०० ते २५० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तेवढ्या ग्रॅम वजनाचा) मोतिया झाक असलेला गुळगुळीत कार्डपेपर घ्या, सफाईने कापला जाईल. बारीक नक्षीचा डाय असेल तर कागद आणि डायमध्ये बटर पेपर घाला म्हणजे तुकडे अडकत नाहीत. साध्या गोलाला गरज नाही.

माझं एक आगाऊ मत: ओळसुद्धा डायने कापण्याचा मोह होईल, करू नका. शिरोरेघेमुळे आपला शब्द एकसंध सुटतो हे खरं, इंग्रजीवाल्यांना प्रत्येक अक्षर वेगळं डकवत बसावं लागतं. पण अनुस्वार सुटा पडतो आणि चाळीस कार्डांवर चाळीस ठिपके चिमट्याने चिकटवताना सासऱ्यांचं पुढचं सहस्रचंद्रदर्शन येईल.

मांडवीपल्याड

😄 कडेला वेलबुट्टी हवी असेल तर पेठापूरचे सागवानी ठप्पे वापरा, कापडछपाईचे. कागदाखाली जाड कापडाची घडी घालायची, छिपे, म्हणजे कापड छापणारे लोकही मऊ टेबलावरच छापतात. कडक टेबलावर लाकडी ठप्पा अर्धवट उमटतो.

कागदवेडी

ठप्पा घरात आहे, आजेसासूबाईंचा! पण मी म्हटलं ना, फक्त चंद्र. बघू, लिफाफ्याच्या मागे मारीन.

आज नवा मजकूर करून शिक्क्याला दिला, ९ मिमी, दोन ओळी, अनुस्वार वर सरकवून. प्लेटा खरंच वाकल्या होत्या. उलटी घातली आणि चंद्र पहिल्या फेरीत पूर्ण सुटला. पावडरीचं कागद तापवून केलं, कोंडा जवळजवळ गेला. आता एकच: मरून कागदाची घडी घातली की घडीवर आतला पांढरा रंग फाटून दिसतो.

प्रेसवाले_काका

कागदाला धाग्याची दिशा असते. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा. ज्या बाजूने सहज वाकतो, घडी त्या दिशेला यायला हवी. मग फूटपट्टी लावून संपलेल्या बॉलपेनने घडीची रेघ दाबून घ्या आणि त्यानंतरच दुमडा. ३०० जीएसएमला हे न करता दुमडलं तर तो फुटणारच. आधीच फुटलेल्या घडीवर त्याच रंगाचा स्केचपेन फिरवा, कुणाच्या लक्षात येत नाही.

टपालहशील

पोस्टाने पाठवणार असाल तर वजन बघा. ३०० जीएसएमचं ए-५ कार्ड, दुमडून ए-६ होणारं, नुसतंच ९ ग्रॅमच्या वर भरतं. वर चंद्र, आत मजकुराचा कागद, त्यात लिफाफा. पत्राचा टप्पा २० ग्रॅमचा असतो, तो ओलांडला की तिकीट वाढतं. एक तयार कार्ड लिफाफ्यासकट सोनाराच्या नाहीतर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघा आणि मगच चाळीस तिकिटं आणा. लिफाफा सी-६ घ्या, ११४ बाय १६२ मिमी, ए-६ कार्ड आरामात बसतं. चंद्र फोमच्या टेपवर उचलून लावणार असाल तर मात्र सैल लिफाफा लागेल आणि पोस्टातला शिक्का मारणारा लिफाफा यंत्रात घालेल की हाताने शिक्का मारेल, त्यावर चंद्राचं भवितव्य.

कागदवेडी

फोम रद्द. चंद्र सपाटच चिकटवते. गावातली कार्डं दीर स्कूटरवरून वाटतील, पुण्या-मुंबईची तेवढी पोस्टाने. नवा शिक्का परवा मिळतोय, फोटो टाकते.