हल्ला नाही, घरचीच चूक

मोठी ॲप बंद पडली की ‘दर वेळी हे सायबर हल्लेच असतात’ असं म्हणतात, ते मला पटत नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक-व्हॉट्सॲप सहाएक तास आडवे झाले, ते देखभालीच्या वेळी दिलेल्या एका चुकीच्या कमांडमुळे. डेटा सेंटर एकमेकांपासून तुटली आणि त्यांचा पत्ता सांगणारे डीएनएस सर्व्हरही इंटरनेटवरून गायब. घरच्याच माणसाचा हात!

आमच्याकडे रावेरला मागच्या हंगामात पेमेंटचं ॲप असंच भर दुपारी बसलं. केळीची गाडी भरून उभी, नऊ हमाल मजुरीसाठी ताटकळलेले, माझ्या खिशात दोनशे रुपये. शेवटी किराणावाल्या काकांनी गल्ल्यातून रोख काढून दिली, वहीत माझं नाव मांडलं. आता कापणीच्या आदल्या दिवशीच रोकड आणतो.