सोसायटीच्या दिवाळी अंकात एआयचे लेख घ्यायचे का?

घोडबंदरकर
आमच्या कासारवडवलीच्या सोसायटीचा छोटासा दिवाळी अंक निघतो, संपादन गेली ६ वर्षं माझ्या गळ्यात. यंदा १९ लेख आलेत आणि शप्पथ सांगते, एकातही शुद्धलेखनाची चूक नाही. आधी मी खूश झाले, चौथ्या लेखाला पोटात गोळा आला. आजीच्या पुरणपोळीवर तिघांनी लिहिलंय, तिन्ही आज्यांचे हात सुरकुतलेले पण मायेचे, तिघींच्या घरात चुलीचा धूर. त्यातली एक आजी मला चांगली माहितीये, ती आयुष्यभर चेंबूरला गॅसच्या शेगडीवर रांधायची आणि पुरणपोळी सरळ दुकानातून आणायची!! नातवाला विचारलं तर म्हणे मी दोन ओळी दिल्या, बाकी एआयने फुलवलं. आता हे छापायचं की परत पाठवायचं? मला तर परत पाठवावंसं वाटतंय.

डीटीपी_काका
ताई, उगाच मनाला लावून घेऊ नका. मी जांभळी नाक्याजवळच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यापासून सुरुवात केली, ट्रेडल मशीनवर बोट चेमटवून घेतलंय. डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं जुळवणं, आलं तेव्हा आमचे फोरमन म्हणाले होते की आता कला संपली. कसली संपतेय. राजा रविवर्म्यांनी १८९४ ला मुंबईत छापखाना काढला म्हणून त्यांची लक्ष्मी-सरस्वती चाळीतल्या खोलीत पोचली, नाहीतर ती चित्रं राजवाड्यातच राहिली असती. यंत्र आलं की रडारड होतेच आणि मग सगळे तेच वापरतात. लेख चांगला आहे ना? छापा.

एकांकिकावाला
काका, रविवर्म्यांचं उदाहरण इथे लागू नाही हो. तिथे मूळ चित्र माणसाने काढलं आणि मशीनने प्रती काढल्या. इथे मूळच मशीन काढतंय आणि माणूस फॉरवर्ड करतोय.
माझं दुखणं वेगळंय. मी कॉलेजच्या मुलांच्या एकांकिका बसवतो. पहिलं स्क्रिप्ट भयाणच असतं, माझंही होतं, गडकरी रंगायतनच्या बाहेर चहा पिता पिता एका सीनियरने त्यावर लाल पेनाने इतकं खोडलं की कागद फाटला. पण त्या खोडण्यातून कळलं की माझी पात्रं एकमेकांशी बोलतच नाहीत, भाषणं ठोकतात. आता मुलं जे आणतात ते पहिल्या दिवसापासून 'बरं' असतं, खोडायला काही सापडत नाही, आणि मधे त्यांना थांबवून विचारलं की ही बाई इथे रडते का, तर एकमेकांकडे बघतात. वाईट लिहायची सोयच गेली राव.

वाशीची_सून
हे सगळं ज्यांना लिहिता येतं त्यांचं दुःख आहे, राग मानू नका. माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या, शाळा चौथीपर्यंत, जात्यावरच्या शंभर-सव्वाशे ओव्या तोंडपाठ. त्या फोनमध्ये बोलतात, एआय टाईप करून परिच्छेद पाडून देतं, असं करत करत त्यांनी माहेरच्या आठवणी ३० पानं लिहून काढल्या. आधी त्यांचं कोण लिहून घेणार होतं? मी? बेलापूरला नोकरी करून, घरी येऊन? तुमच्या लाल पेनापर्यंत पोचायचं नशीब सगळ्यांचं नसतं.

एकांकिकावाला
@वाशीची_सून हे पटलं. पण तिथे शब्द सासूबाईंचे आहेत ना, एआय फक्त लेखनिक.

वाशीची_सून
हो, म्हणजे, तसं पूर्ण नाही. त्या 'वैनी' म्हणतात तिथे त्याने 'वहिनी' केलं, 'इस्तव' चं 'अग्नी' केलं. सासूबाई चिडल्या, म्हणाल्या हा कोण भटजी बसवलाय यात. मग मी एकेक शब्द परत बदलला, दोन रविवार गेले.

रबाळे_नाइटशिफ्ट
मी नवी मुंबईत टीटीसीच्या औद्योगिक पट्ट्यात एका डेटा सेंटरला कूलिंग बघतो, म्हणजे हे तुमचं आजी-पुरणपोळी प्रकरण आमच्यासारख्यांच्याच डोक्यावर गुणगुणत असतं, रात्रभर 😄 असो. 'वैनी'ची 'वहिनी' का झाली त्याचं कारण सोपंय. एआयचं मॉडेल पुढचा शब्द कुठला येण्याची शक्यता जास्त हे बघत जातं, आजी म्हटलं की सुरकुत्या आणि चूल जवळच उभ्या असतात, गॅसची शेगडी आणि दुकानचं पाकीट लांब. कोणी मुद्दाम ओढून आणलं तरच येणार.
यावर २०२४ ला सायन्स अ‍ॅडव्हान्सेस या शोधपत्रिकेत एक प्रयोग आला होता. सुमारे ३०० जणांना आठ-आठ वाक्यांच्या गोष्टी लिहायला दिल्या, काहींना एआयच्या कल्पना घ्यायची मुभा. ज्यांनी घेतल्या त्यांच्या गोष्टी वाचकांना जास्त आवडल्या, जे मुळात कमी सर्जनशील त्यांना तर सगळ्यात जास्त फायदा. पण त्या गोष्टी एकमेकींसारख्या व्हायला लागल्या. म्हणजे काकाही बरोबर, ताईही. एकेक लेख सुधारतो आणि अंक बिघडतो.

घोडबंदरकर
हेच! हेच मला सांगता येत नव्हतं. एकटा वाचला तर लेख छान, ओळीने १९ वाचले की एकाच बाईने १९ साड्या बदलून फोटो काढल्यासारखं.

कोर्टनाका
कायद्याचं थोडं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाने निर्माण केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करवून घेणारी व्यक्ती असं लिहिलंय, पण ते लिहिताना असले एआय डोळ्यापुढे नव्हते, त्यामुळे वाद आहेच. अमेरिकेत जेसन अ‍ॅलनने मिडजर्नी या चित्रं काढणाऱ्या एआयवर चित्र करून २०२२ ला कोलोराडोच्या जत्रेत बक्षीस मिळवलं, निदान ६२४ वेळा सूचना दिल्या असं सांगितलं, तरी तिथल्या कॉपीराइट ऑफिसने नोंदणी नाकारलीच. सोसायटीच्या अंकाला यातलं काही लागत नाही म्हणा, तुमची बक्षिसं म्हणजे स्टीलचे डबे.

डीटीपी_काका
६२४ वेळा म्हणजे मेहनत आहेच की! आमच्यासाठी ते पुरे.
बरं ते साडीवरून आठवलं. पूर्वी राम मारुती रोडला दुकानांच्या पाट्या पेंटर रंगवायचे, प्रत्येकाचा 'ळ' वेगळा, लांबून ओळखायचो की हा कोणाचा हात. फ्लेक्स आला आणि सगळ्या ठाण्याचा 'ळ' एक झाला. फ्लेक्सचे पैसे मीपण कमावले, खोटं कशाला बोलू.

एकांकिकावाला
काका, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने आहात 😂

डीटीपी_काका
जो वेळेत मजकूर देईल त्याच्या.

घोडबंदरकर
अपडेट. त्या नातवाला काल लिफ्टमध्ये गाठलं, म्हटलं फुलवलेलं नको, खरं काय ते सांग. तर हसत सुटला. आजी दुकानातून पोळ्या आणायची, पाकीट जुन्या पेपरात गुंडाळून कचऱ्यात खाली दाबायची, पोळ्या तव्यावर परत गरम करून तुपाचा वास घरभर करायची आणि आजोबा जेवताना म्हणायचे, तुझ्या हाताची चव कुणाला नाही! आजोबा गेले तरी तिने कबूल केलं नाही. म्हटलं हेच लिही. रात्री सव्वा पान पाठवलंय, 'पाकीट' ची वेलांटी चुकलीये, शेवट अर्धवट आहे. घेतेय. बाकी दोन आज्यांनाही फोन लावतेय.

डीटीपी_काका
पान १४ मोकळं आहे, तिथे बसेल. वेलांटी मी सुधारतो, बाकी हात लावत नाही.