बेन सिमन्सचा नुसता शॉट गेला की अख्खा गेमच गेला?

सकाळी_साडेपाच:
मंडळी, खूप दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी टाकतोय. एनबीएतल्या (अमेरिकेची बास्केटबॉल लीग) बेन सिमन्सचा विषय निघाला की सगळे एकच बोलतात, त्याला शूटिंग म्हणजे लांबून बास्केट मारणं येत नाही. अरे पण ते आधी तरी कुठे येत होतं? २०१७-१८ च्या रुकी सीझनला, म्हणजे फिलाडेल्फियाकडून पहिल्याच वर्षी, एकही थ्री (लांबून तीन पॉइंटचा शॉट) आत न जाता पठ्ठ्याने मॅचमागे १५.८ पॉइंट, ८.१ रिबाउंड (चुकलेला शॉट पकडणे), ८.२ असिस्ट (बास्केट करून देणारा पास) काढले, १२ ट्रिपल-डबल (एका मॅचला तिन्हीत दहा किंवा जास्त), रुकी ऑफ द इयर. मग सलग तीन वर्षं ऑल-स्टार, २०१९-२० ला अख्ख्या लीगमध्ये मॅचमागे सगळ्यात जास्त स्टील (बॉल हिसकावणे). सहा फूट दहा इंचाचा माणूस स्वतःच रिबाउंड घेऊन स्वतःच बॉल घेऊन सुटायचा, मी ऑफिसला निघायच्या आधी सकाळी सकाळी फक्त तेवढ्यासाठी मॅच लावायचो.
आणि २०२४-२५ चे आकडे बघा, मॅचमागे ५ पॉइंट, ४.७ रिबाउंड, ५.६ असिस्ट. म्हणजे शॉट तेव्हाही नव्हता आणि आताही नाही, मग बाकीचं सगळं कुठे गेलं? तसा तो आधीपण एका मॅचला अंगात आल्यासारखा खेळायचा आणि पुढच्या मॅचला कोर्टवर आहे की नाही तेच कळायचं नाही, पण हे वेगळं आहे. डोकं की पाठ, तुम्हाला काय वाटतं? मला खरंच वाईट वाटतं त्याचं.

नागपाडा_लेफ्टी:
भावा, त्याचा सगळा खेळ एका गोष्टीवर उभा होता, आत घुसणे. तो घुसला की दोन जण अंगावर यायचे, मग कोपऱ्यातला शूटर मोकळा, तिथून असिस्ट. घुसायचं म्हणजे फाउल होणार आणि फाउल झाला की फ्री थ्रो लाइनवर एकट्याने उभं राहून मोकळा शॉट मारायचा, त्याला नेमकं तेच नको झालं.
२०२१ ची प्लेऑफमधली अटलांटा हॉक्सविरुद्धची सिरीज आठव. ४५ फ्री थ्रोपैकी १५ च आत गेले. ते लोक मुद्दाम फाउल करायचे आणि शेवटी शेवटी कोचला त्याला बाहेर बसवावं लागायचं. सात मॅचच्या चौथ्या क्वार्टरमध्ये मिळून याने ३ शॉट मारून बघितले, फक्त ३! सातवी मॅच आपल्याकडे २१ जूनला सकाळी, लोकल आपल्यासाठी बंदच होती तेव्हा, घरीच होतो. दोन पॉइंटने मागे, साडेतीन मिनिटं बाकी, बास्केटखाली समोर फक्त हॉक्सचा ट्रे यंग, उडी मारली असती तरी डंक (बॉल वरून रिंगमध्ये ठोकणे) होता, आणि याने टीममेट थायबुलला पास दिला. थायबुलवर फाउल झाला, दोन फ्री थ्रोतला एकच आत गेला. मी टीव्हीसमोर उभाच राहिलो होतो यार.
आमच्या नागपाड्याच्या कोर्टवर असे बघितलेत मी. एकदा पोरगा लाइनला घाबरला की आधी ड्राइव्ह, म्हणजे आत घुसणं, बंद करतो, मग समोरचा त्याला सोडून चार पावलं मागे आतच उभा राहतो, मग पासच्या वाटापण बंद. बाहेरून वाटतं पासिंग खराब झालं, पण पास द्यायला जागाच उरलेली नसते. आकड्यातपण दिसतं, २०१८-१९ ला मॅचमागे ५ च्या वर फ्री थ्रो मिळवायचा, नंतर ब्रुकलिन नेट्स टीमकडे पहिल्या सीझनला ४२ मॅचमध्ये मिळून ५७.

फिजिओ_मुलुंड:
लेफ्टीदादा, बरोबर आहे तुमचं पण सगळं डोक्यावर ढकलू नका प्लीज. मी रोज पाठीचे पेशंट बघते. त्याच्या पाठीचं मे २०२२ मध्ये ऑपरेशन झालं आणि मार्च २०२४ मध्ये परत, मधल्या २०२३-२४ च्या सीझनला तो १५ मॅच खेळला फक्त. डिस्कमुळे नस दाबली गेली की पायात जोर येत नाही, आणि याचा डिफेन्स कसा होता आठवा, खाली बसून, कंबर वाकवून, छोट्या गार्डबरोबर बाजूबाजूने सरकत. पहिल्या पावलाचा जोर तिथूनच येतो. तो जोर गेला तर समोरचा कोणीही अंगाला चिकटूनच राहणार. असा माणूस ड्राइव्ह टाळतो तेव्हा लोकांना भित्रा वाटतो, कदाचित त्याचं शरीरच नको म्हणत असेल.

सकाळी_साडेपाच:
ताई, हे मी धरलंच नव्हतं. पण मग एक सांगा, फेब्रुवारी २०२१ ला यूटाविरुद्ध याच्या टीमचा मोठा खेळाडू एम्बीड नव्हता, त्या मॅचला याने ४२ पॉइंट, १२ असिस्ट केले आणि फ्री थ्रो १३ पैकी १२! मॅच हरले, पण यूटाच्या गोबेरसारख्या उंच डिफेंडरसमोर सरळ घुसत होता. आणि चार महिन्यांनी तो डंक सोडला. तेव्हा तर ऑपरेशन झालं नव्हतं.

नागपाडा_लेफ्टी:
तेच तर म्हणतोय मी. त्या दिवशी टीम त्याच्या एकट्याच्या खांद्यावर होती, विचार करायला वेळच नव्हता. म्हणजे सुरुवात डोक्यातून झाली, मग पाठीने परत उभं राहू दिलं नाही. ताईचं आणि माझं दोन्ही खरं आहे, फक्त आधी काय ते महत्त्वाचं.

दादरचा_कोच:
उशिरा वाचलं. २०१९ ला वरळीच्या डोममध्ये एनबीएच्या किंग्ज आणि पेसर्स या टीम खेळून गेल्या त्यानंतर माझ्याकडे पोरं वाढली, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना तेव्हा सिमन्सच व्हायचं होतं, म्हणून हा विषय जवळचा आहे. मी आता फ्री थ्रो पोरं दमल्यावरच घेतो, बाकीची टीम बाजूला उभी राहून बघत असते, चुकला तरी कोणी काही बोलायचं नाही. एक पोरगी बास्केटखालून बाहेर पास द्यायची, तिला दोन महिने लागले पण आता स्वतः मारते.
ताई, एक विचारायचं होतं. पंधरा वर्षांचा एक मुलगा आहे, खूप चांगला आहे, हल्ली लेअपला (बास्केटजवळ उडी मारून टाकायचा शॉट) उडी कमी मारतो. मला वाटलं लक्ष नाही म्हणून ओरडलो त्याला. काल त्याची आई म्हणाली रात्री कंबर धरून झोपतो. काय करू?

फिजिओ_मुलुंड:
मागे वाकल्यावर दुखतं का विचारा. त्या वयात उड्या मारणाऱ्या मुलांना मणक्याच्या हाडात बारीक फ्रॅक्चर असू शकतं. आधी ऑर्थोपेडिकला दाखवा, तोपर्यंत उड्या आणि धावणं बंद. आणि तुम्ही स्वतः त्याच्याशी बोला, टीममधून काढणार नाही हे सांगा, नाहीतर तो दुखणं लपवेल.

दादरचा_कोच:
उद्या सकाळीच घरी जातो त्याच्या.