शब्दचर्चा : 'रिटेन्शन रेट'ला मराठीत काय म्हणाल?

पाटीपेन्सिल :
बारावीनंतर मुलांना अमेरिकेत पाठवू पाहणाऱ्या आईवडिलांसाठी एक माहितीपुस्तिका आहे, तिचं भाषांतर करतेय. त्यात मोठ्या सार्वजनिक विद्यापीठांवर एक प्रकरण आहे आणि दर पानावर दोन शब्द आडवे येतात : रिटेन्शन रेट (पहिल्या वर्षानंतर किती टक्के मुलं त्याच विद्यापीठात परत आली) आणि ग्रॅज्युएशन रेट (दाखल झालेल्यांपैकी किती टक्क्यांनी पदवी घेतली). पहिल्या खर्ड्यात मी 'धारणा दर' आणि 'पदवी दर' असं लिहून मोकळी झाले. संपादकबाईंचा फोन आला, "धारणा म्हणजे समजूत ना गं? की सातबाऱ्यावरची जमीनधारणा? आणि पदवी दर म्हणजे पदवी कितीला पडते तो भाव का?" दोन्ही शंका रास्त आहेत. 'जन्मदर', 'मृत्युदर' चालतात, पण नुसता 'दर' दिसला की आपल्याला आधी मंडई आठवते. सुचवा काहीतरी.

तिरपागडा :
एवढं काय अवघड आहे? 'गळती' हा रुळलेला शब्द आहे. शंभरातून गळती वजा करा, उरला तो 'टिकाव'. "पहिल्या वर्षाचा टिकाव ८२ टक्के." झालं. आणि ग्रॅज्युएशन रेट म्हणजे सरळ निकाल. "विद्यापीठाचा निकाल ६३ टक्के." पुढचा शब्द पाठवा.

निवृत्त खर्डेघाशी :
तिरपागडेबुवा, टिकावाचं नंतर बघू. पण 'निकाल' लिहिलात तर पुस्तिका वाचणारा प्रत्येक पालक फसेल. मी एका कॉलेजच्या परीक्षा विभागात उभा जन्म काढला आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

आपण "यंदा टीवायचा निकाल ९० टक्के लागला" म्हणतो तेव्हा छेदस्थानी कोण असतं? परीक्षेला बसलेले. समजा एफवायला शंभर जण आले. काहींना केटी लागली, काहींचं वर्ष गेलं, कुणाला नोकरी लागली, कुणाचं लग्न झालं. टीवायच्या परीक्षेला त्यातले सत्तर बसले आणि त्रेसष्ट पास झाले. निकाल ९० टक्के, फलकावर झळकतो, पेढे वाटले जातात. अमेरिकन ग्रॅज्युएशन रेटमध्ये मात्र छेदस्थानी पहिल्या दिवशी दाखल झालेले शंभरच राहतात. तो आकडा ६३. पोरं तीच, कॉलेज तेच, आकड्यांत सत्तावीसचा फरक. आता सांगा, ६३ टक्के 'निकाल' असलेल्या विद्यापीठात आपला पालक मुलाला पाठवेल का? "त्यापेक्षा आमच्या तालुक्याचं कॉलेज बरं" असंच म्हणेल.

आपल्याकडे हा हिशेब अगदीच होत नाही असं नाही. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीसाठी संस्थेला कळवावं लागतं की मंजूर जागा किती, पहिल्या वर्षाला प्रत्यक्ष आले किती, थेट दुसऱ्या वर्षाला आले किती आणि ठरलेल्या किमान मुदतीत पदवी घेऊन बाहेर पडले किती. पण तो आकडा घरात कुणी बोलत नाही, म्हणून त्याला घरगुती शब्दही नाही. 'निकाल' घरगुती आहे, म्हणून तो चटकन तोंडात येतो.

जॉर्जियाकर :
खर्डेघाशी काकांचा मुद्दा शंभर टक्के पटला. मी अटलांटाजवळ राहतो, मुलगी इथल्याच सार्वजनिक विद्यापीठात शिकली, त्यामुळे हे आकडे पालक म्हणून चिवडून झाले आहेत. व्याख्या देतो, शब्द तुम्ही पाडा.

ग्रॅज्युएशन रेटचं छापील रूप १९९०च्या एका कायद्यातून आलं. मूळ तक्रार खेळाडूंबद्दल होती : विद्यापीठं बास्केटबॉल-फुटबॉलसाठी पोरं आणतात, स्टेडियम भरतात, पण त्यांतल्या किती जणांच्या हातात पदवी पडते? सिनेटर बिल ब्रॅडली हे स्वतः एनबीएत, म्हणजे व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये खेळलेले, त्यांनी हा विषय लावून धरला. शेवटी सगळ्याच विद्यार्थ्यांचे आकडे जाहीर करणं बंधनकारक झालं.

मोजणी अशी. फॉल सत्रात (ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होणाऱ्या) आयुष्यात पहिल्यांदा कॉलेजात आलेले, पूर्णवेळ शिकणारे, पदवीसाठीच दाखल झालेले, एवढ्यांचीच बॅच धरायची. चार वर्षांच्या पदवीला दीडपट मुदत, म्हणजे सहा वर्षं. तेवढ्यात त्याच संस्थेतून पदवी घेतली तर तो धरला. २०१४ साली सार्वजनिक विद्यापीठांत दाखल झालेल्या अशा विद्यार्थ्यांपैकी ६३ टक्क्यांनी २०२० पर्यंत पदवी घेतली, तुमच्या पुस्तिकेतला आकडा बहुधा तोच. रिटेन्शन त्याहून सोपं : त्याच बॅचमधले किती जण पुढच्या फॉलला त्याच विद्यापीठात परत आले.

छेदातून वगळतात कोणाला, तर निधन झालेले, कायमचं अपंगत्व आलेले, सैन्यात गेलेले, पीस कोअरसारख्या परदेशांत मदत करणाऱ्या सरकारी सेवेत गेलेले आणि चर्चच्या अधिकृत धर्मप्रचाराला गेलेले. हे शेवटचं आपल्याला विचित्र वाटतं, पण युटा राज्यात मॉर्मन मुलं मधली दीड-दोन वर्षं मिशनवर जातात, तिथे त्याला वजन आहे.

आता गंमत. जो विद्यार्थी मध्येच दुसऱ्या विद्यापीठात गेला आणि तिथून उत्तम पदवी घेऊन बाहेर पडला, तो पहिल्या ठिकाणी 'अपूर्ण' धरला जातो. आणि दुसऱ्या ठिकाणी तो 'पहिल्यांदा आलेला' नसतो, म्हणून तिथल्या छेदातही नाही, अंशातही नाही. बराक ओबामा १९७९ला ऑक्सिडेंटल कॉलेजात गेले, १९८१ला कोलंबियात आले, १९८३ला पदवीधर झाले. (दोन्ही संस्था खासगी, पण नियम तोच.) ही मोजणी तेव्हा असती तर ओबामा कुठेच पदवीधर झाले नसते.

निवृत्त खर्डेघाशी :
म्हणजे आपले डिप्लोमा करून इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षाला येणारे! ती पोरं कित्येकदा वर्गात सगळ्यांत तयार असतात. अमेरिकन हिशेबात ती मोजलीच जाणार नाहीत.

जॉर्जियाकर :
अगदी तेच. ही ओरड बरीच वर्षं होती, म्हणून २०१५-१६पासून दुसरीकडून आलेल्यांचा आणि अर्धवेळ शिकणाऱ्यांचाही आठ वर्षांचा वेगळा हिशेब मागतात. पण जाहिरातीत आणि गप्पांत अजूनही सहा वर्षांचाच आकडा चालतो.

रानजाई :
मी शाळेत शिकवते. 'रिटेन्शन' या शब्दाबद्दल एक धोक्याची सूचना. शालेय शिक्षणाच्या इंग्रजीत रिटेन्शन म्हणजे मुलाला त्याच इयत्तेत मागे ठेवणं! विद्यापीठात रिटेन्शन जास्त असलं की कौतुक, शाळेत जास्त असलं की काळजी. त्यामुळे कोशात बघून कुणी 'अवरोधन' वगैरे लिहिलं तर अर्थ थेट उलटा व्हायचा. १९२९च्या हार्टोग समितीपासून शाळांबाबत 'गळती आणि स्थगिती' ही जोडी चालत आली आहे : गळती म्हणजे सोडून जाणं, स्थगिती म्हणजे एकाच वर्गात रुतून बसणं. तुमचं रिटेन्शन या दोन्हींत बसत नाही.

आणि 'गळती' मला मुळातच खटकतो. पान गळतं, नळ गळतो. यात कुणी काही केलेलं नसतं. आमच्याकडे लोक काय बोलतात ते बघा. "पोरानं शाळा सोडली" म्हटलं की दोष पोराचा. "पोरीची शाळा सुटली" म्हटलं की परिस्थितीचा. "शाळेतून नाव काढलं" म्हटलं की बापाचा, नाहीतर शाळेचा. (आणि नुसतं "शाळा सुटली" म्हणजे पाच वाजले!) एकाच घटनेला तीन क्रियापदं, तीन कर्ते. 'गळती'त कर्ताच गळतो.

तिरपागडा :
शेवटच्या वाक्याला दाद. आणि गंमत बघा, दहावी फर्स्टक्लास पास झालेल्यालाही 'शाळा सोडल्याचा दाखला'च मिळतो. 'टिकाव' मागे घेऊ का मग? की 'टिकवणूक'?

पाटीपेन्सिल :
तिरपागडे, आता खरी अडचण कळतेय. 'टिकणं' हे विद्यार्थ्याचं, 'टिकवणं' हे विद्यापीठाचं. रिटेन्शनमध्ये विद्यापीठ कर्ता आहे ना? म्हणजे 'टिकवणूक' बरोबर?

जॉर्जियाकर :
हो, आणि इंग्रजीत त्याला जोडशब्दही आहे : पर्सिस्टन्स. विद्यार्थी त्याच विद्यापीठात परत आला तर रिटेन्शन, कुठल्याही कॉलेजात शिकत राहिला तर पर्सिस्टन्स. पहिल्यात हिशेब संस्थेचा, दुसऱ्यात मुलाचा. कोश उघडून कृपया 'चिकाटी दर' लिहू नका, हात जोडतो.

टिकवणं हे खरंच विद्यापीठाचं काम असतं, याचं उदाहरण माझ्या शेजारीच आहे. अटलांटाच्या भर वस्तीतलं जॉर्जिया स्टेट विद्यापीठ. सहा वर्षांचा आकडा २००३ साली ३२ टक्के होता, २०१४पर्यंत ५४ झाला. दरम्यान गरीब घरांतली मुलं कमी झाली नव्हती, उलट वाढली. मग केलं काय? २०११पासून छोटी अनुदानं सुरू केली : शेवटच्या टप्प्यावर आलेल्या मुलाची काही शे डॉलर फी थकली म्हणून त्याचं नाव कापलं जायचं, तिथे विद्यापीठानं ते पैसे स्वतःच भरले. २०१२पासून संगणकावर प्रत्येक विद्यार्थ्याच्या आठशेच्या आसपास खुणांवर नजर ठेवू लागले. मुख्य विषयाच्या पहिल्याच पेपरात कमी ग्रेड, भलताच विषय घेतला, असं काही दिसलं की सल्लागार बोलावून घेतो. सल्लागारही वाढवले. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचं पदवीचं प्रमाण गोऱ्यांच्या बरोबरीला आलं, हे अमेरिकेत मोठ्या विद्यापीठांत क्वचित दिसतं. त्या अनुदानाच्या नावातच 'रिटेन्शन' आहे. पोरं टिकाऊ झाली नाहीत, विद्यापीठ शहाणं झालं.

निवृत्त खर्डेघाशी :
काही शे डॉलरसाठी नाव कापणं. आमच्याकडे टर्म ग्रँट न करण्याचा हिसका असे. फी थकली की फॉर्मवर सही नाही. मीही अशा फॉर्मांच्या चळती बाजूला काढून ठेवल्या आहेत. त्यातली किती पोरं परत खिडकीशी आली, याची नोंद ठेवायला कुणी सांगितलं नाही आणि मीही ठेवली नाही.

असो. जॉर्जियाकर, "२२ टक्क्यांनी वाढ" असं कुणी छापायच्या आत सांगतो : ३२चे ५४ म्हणजे २२ टक्केबिंदूंची वाढ, टक्क्यांत ती सुमारे ६९ होते.

सायलीचा वेल :
उशिरा आले. मला शब्दापेक्षा वेगळंच विचारायचंय. मुलगा एमएसला चाललाय, आम्ही विद्यापीठांचे ग्रॅज्युएशन रेट बघूनच यादी केली. ते चुकलं का?

जॉर्जियाकर :
ताई, त्या आकड्यात एमएसवाले नसतातच. तो फक्त बारावीनंतर पदवीला आलेल्यांचा. गोंधळ शब्दाचाच आहे : आपला 'ग्रॅज्युएट' म्हणजे बीए-बीकॉम झालेला, अमेरिकेतला 'ग्रॅज्युएट स्टुडंट' म्हणजे एमएस-पीएचडी करणारा. यादी फाडू नका, पण एमएससाठी त्या विभागालाच विचारा : किती जण आले, किती काळात पूर्ण झाले.

पाटीपेन्सिल :
सायलीताई, हा खुलासा मी चौकटीत टाकणार. एक राहिलं. मुदत लिहावीच लागेल ना?

जॉर्जियाकर :
लिहाच. कॅलिफोर्निया स्टेट ही राज्य विद्यापीठांची मोठी साखळी. २०१५ साली चार वर्षांत पदवी घेणारे १९ टक्के होते, तेव्हा सहा वर्षांतले ५७. चार वर्षांचा आकडा २०२५पर्यंत ४०वर न्यायचं ठरवलं होतं, २०२३ला तो ३५वर आला होता. 'पदवीचं प्रमाण' एवढंच लिहिलंत तर १९ही खरं आणि ५७ही खरं. तिथे निम्मीअधिक मुलं नोकरी करत शिकतात, पाचवं वर्ष म्हणजे काही वायडी (वर्ष बुडणं) नव्हे.

आणि पुढे 'समर मेल्ट' येईल. प्रवेश पक्का करून सत्र सुरू होताना न उगवणारी मुलं. ती बॅचमध्येच धरली जात नाहीत, म्हणून रिटेन्शनमध्ये दिसत नाहीत.

रानजाई :
'उन्हाळी वितळण' लिहू नका गं. नोकरीत 'रुजू' होतात तसं, 'प्रवेश घेऊन रुजू न झालेले'.

पाटीपेन्सिल :
'रुजू' घेतला! बाकी नाम शोधणं सोडून दिलं, वाक्यच लिहिलं :

"२०१४ साली या विद्यापीठांत पहिल्यांदाच, पूर्णवेळ दाखल झालेल्या दर शंभर विद्यार्थ्यांपैकी ६३ जणांनी सहा वर्षांत त्याच विद्यापीठातून पदवी घेतली. पहिल्या वर्षानंतर त्याच विद्यापीठात परतणाऱ्यांचं प्रमाण साधारणपणे शंभरात ऐंशीच्या थोडं वर असतं."

पुढे तक्त्यात जागा कमी आहे, तिथे 'परतीचं प्रमाण' आणि 'सहा वर्षांतलं पदवीचं प्रमाण'. संपादकबाई म्हणतात वाक्य लांब झालं, थोडं छाटू.

निवृत्त खर्डेघाशी :
छाटू द्या, पण 'त्याच'मधला 'च' जाऊ देऊ नका. कात्री लागली की पहिला तोच जातो, आणि तो गेला की तुमचं रिटेन्शन जाऊन जॉर्जियाकरांचं पर्सिस्टन्स येतं.