इम्पोर्टेड बॉडी-लेन्स घ्यावी की अधिकृत डीलरकडूनच? मदत हवीय

पाणकावळा

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आता विचारूनच टाकतो. माझा कॅमेरा नऊ वर्षांचा झालाय, पक्ष्यांचे फोटो काढतो, आणि आता एक मिररलेस बॉडी (आतला आरसा नसलेला कॅमेरा, लेन्सशिवाय) आणि सोबत १००-४०० लेन्स (१०० ते ४०० मिमीची, लांबचं जवळ दाखवणारी झूम) घ्यायची ठरवलीय. तीन वर्षं थोडे थोडे पैसे बाजूला टाकलेत, त्यामुळे एकदाच घेणार आणि पुढची आठ-दहा वर्षं तेच वापरणार. अडचण अशी की अधिकृत डीलरचा भाव आणि ऑनलाइन एक जण 'इम्पोर्टेड' म्हणून विकतोय त्याचा भाव यात एवढा फरक आहे की त्या फरकात चांगला ट्रायपॉड आणि त्यावर कॅमेरा बसवायचं हेड दोन्ही बसतं. तो म्हणतो माल ओरिजिनल आहे, सीलपॅक आहे, फक्त कंपनीच्या ऐवजी दुकानाची एक वर्षाची वॉरंटी मिळेल. त्यात भर म्हणजे माझा मेहुणा सध्या कामासाठी जपानला आहे, तो म्हणतो दाजी कशाला त्या भानगडीत पडता, मी येताना घेऊन येतो.

तर आता मला कळत नाहीये की हा इम्पोर्टेड माल आतून वेगळा असतो का, आणि बॉडी आणि लेन्स दोन्हीला एकच नियम लावायचा की वेगवेगळा विचार करायचा. आणि मेहुण्याने आणलेला कॅमेरा हाही 'ग्रे' म्हणजे अधिकृत वाटेने न आलेलाच धरायचा का? ज्यांनी स्वतः घेतलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा, घाई नाहीये.

रात्रपाळी

आधी एक गोष्ट. ग्रे म्हणजे नकली नव्हे. त्याच कंपनीच्या कारखान्यातून निघालेला, पण तुमच्या देशासाठी न पाठवलेला, मधल्या कुणीतरी दुसऱ्या देशातून उचलून आणलेला माल म्हणजे ग्रे. तो विकणं कायद्यात बसतं का हे देशागणिक बदलतं. अमेरिकेत २०१३ साली थेट सुप्रीम कोर्टापर्यंत एक केस गेली होती, पाठ्यपुस्तकांची. थायलंडहून मागवलेली पुस्तकं एका विद्यार्थ्याने अमेरिकेत विकली, प्रकाशकाने दावा लावला आणि कोर्टाने विद्यार्थ्याच्या बाजूने निकाल दिला. युरोपात उलट, तिथे ट्रेडमार्कचा मालक युरोपबाहेरून परस्पर आलेला माल अडवू शकतो.

पण ही झाली विकणाऱ्याची डोकेदुखी. घेणाऱ्याला झळ लागते ती दुरुस्तीच्या वेळी. आणि हो, मेहुण्याने आणलेलाही सर्व्हिस सेंटरच्या हिशेबात परदेशी मालच, तो घरातल्या माणसाने आणला की अनोळखी दुकानदाराने हे त्यांच्या कॉम्प्युटरला कळत नाही.

भिंगरी

मी भाजलेय म्हणून लिहिते.

चार वर्षांपूर्वी मी एक टेलिफोटो इम्पोर्टेड घेतली, कंपनीचं नाव घेत नाही. दीड वर्ष अप्रतिम चालली, एक दिवस मात्र झूम फिरवताना मधेच अडकायला लागलं आणि शेवटच्या टोकाला ऑटोफोकस नुसतं पुढेमागे शोधत बसायचं. दुकानाची वॉरंटी संपलेली होती, ते मी धरूनच चालले होते, म्हटलं पैसे भरू आणि करून घेऊ. सर्व्हिस सेंटरला गेले, काउंटरवरच्या माणसाने लेन्स उलटी केली, माउंटजवळचा (कॅमेऱ्याला बसते त्या कडेजवळचा) नंबर टॉर्चने बघितला, कॉम्प्युटरवर टाइप केला, आणि कॅप लावून लेन्स माझ्याकडे परत सरकवली. म्हणाला मॅडम हा नंबर आमच्या यादीत नाही, आम्ही घेऊ शकत नाही. मी म्हटलं अहो फुकट नकोय, पूर्ण पैसे देते. तरी नाही. तेव्हा जो धक्का बसला तो अजून विसरले नाही, कारण वॉरंटी नाही एवढंच मी धरलं होतं, पैसे देऊनही दुरुस्ती नाही हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शेवटी बाहेरच्या एका कारागिराने उघडली, आतली फ्लेक्स केबल (पट्टीसारखी लवचिक वायर) तुटली होती, ती त्याला मिळायला पाच महिने लागले, तोवर माझा एक अख्खा सीझन गेला.

म्हणून सांगते, 'वॉरंटी किती वर्षांची' हा प्रश्न दुय्यम आहे. वॉरंटी सगळ्यांचीच एक दिवस संपते, तू तर दहा वर्षं वापरणार म्हणतोयस. वॉरंटी संपल्यावर पैसे भरून तरी हे कंपनी दुरुस्त करेल का, हे आधी विचार. प्रत्येक कंपनीचं आणि प्रत्येक देशातल्या शाखेचं उत्तर वेगळं असतं. निकॉनच्या अमेरिकेतल्या शाखेने तर जाहीरच सांगितलंय की ग्रे माल पैसे घेऊनसुद्धा दुरुस्त करणार नाही, आणि तिथल्या अधिकृत लेन्सच्या सिरियल नंबरच्या आधी यूएस ही अक्षरं असतात त्यामुळे ओळखायला त्यांना क्षणही लागत नाही. दुसऱ्या काही ठिकाणी पैसे भरले की करून देतात. तेव्हा फोन उचल आणि विचार.

तिपाई

भिंगरीताईंचा अनुभव वाईटच आहे, पण दुसरी बाजूही यायला हवी. माझ्याकडे अकरा वर्षांत पाच लेन्स इम्पोर्टेड आल्या, एकीनेही त्रास दिलेला नाही. पाचांवर मिळून जेवढे वाचले त्यात सहावी आली. आता उद्या एखादी कायमची गेली तरी मी तोट्यात नाही. अर्थात हे गणित ज्याला चार-पाच वस्तू घ्यायच्यात त्याच्यासाठी बरोबर आहे, ज्याची सगळी पुंजी एकाच लेन्समध्ये जाणारय त्याला ते लागू होत नाही हे मान्य करतो.

बॉडी आणि लेन्सला एक नियम लावू नका. लेन्सला मेन्यू नसतो, भाषा नसते, व्होल्टेजचा प्रश्न नाही, माउंट आणि फिल्टरचा आटा जगभर तोच. बॉडीत मात्र प्रदेशानुसार फरक निघतात. नावंसुद्धा बदलतात बघा, कॅननचा ७००डी अमेरिकेत रिबेल टी५आय आणि जपानमध्ये किस एक्स७आय, कॅमेरा तोच. वापरताना काही बिघडत नाही पण पुढे विकायला काढला की गिऱ्हाईक वेगळं नाव बघून बिचकतं आणि भाव पाडून मागतं, हा फटका खरेदीच्या वेळी कोणी धरत नाही.

चार्जरची मात्र लोक उगाच धास्ती घेतात. पाठीमागे बारीक अक्षरात इनपुट १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ लिहिलेलं असतं, ते असलं की ट्रान्सफॉर्मर वगैरे काही लागत नाही, फक्त पिन बदलायची. वायरवाला चार्जर असेल तर ती इंग्रजी आठच्या आकाराच्या सॉकेटची वायर कुठेही मिळते.

मंद_शटर

पाणकावळा, जपानचं नाव वाचलं म्हणून धावत आलो. थांब. कुठल्या ब्रँडची बॉडी घेतोयस? सोनी असेल तर जपानच्या घरगुती बाजारासाठी जे कॅमेरे असतात त्यांच्यात बहुतेकांच्या मेन्यूला फक्त जपानी भाषा असते, सेटिंगमध्ये जाऊन कितीही शोधलंस तरी इंग्रजी येणार नाही. पॅनासोनिकच्या बऱ्याच जपानी मॉडेलांचंही तसंच. माझ्या मित्राने असाच आणला, शटरचा वेग आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचं प्रकाश आत सोडणारं भोक) काय आकडेच असतात ते जमलं, पण ऑटोफोकसचा मेन्यू पानंच्या पानं जपानी, बिचारा दुसऱ्या कुणाच्या इंग्रजी कॅमेऱ्याचे फोटो मोबाईलमध्ये ठेवून ओळी मोजून सेटिंग बदलायचा. पक्षी उडताना ट्रॅकिंग बदलायचंय आणि ओळी मोजतोय, सहा महिन्यांत विकला. तिथेच काही दुकानांत 'ओव्हरसीज मॉडेल' नावाने अनेक भाषांचं मॉडेल मिळतं पण ते बहुतेक वेळा महाग असतं, मग वाचलं काय? मेहुण्याला सांग की दुकानात डेमो पीसवर नको, जो डबा विकत घेणार त्याच्यावर कुठलं मॉडेल लिहिलंय ते दाखवून घे आणि भाषा कोणत्या आहेत ते विचारून घे.

दुसरं व्हिडिओचं. काही बॉड्यांमध्ये, विशेषतः जुन्या, ज्या देशासाठी बनवलाय तिथलाच फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) मिळतो, म्हणजे ३०/६० किंवा २५/५०, दुसरा मिळतच नाही. जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि ६० फ्रेम, १/६० शटर अशा सेटिंगला घरातल्या दिव्याखाली पट्टे सरकताना दिसतात. शटर १/५० किंवा १/१०० ला नेलं की बरंच जातं. नव्या कॅमेऱ्यांत पाल-एनटीएससी (२५/५० आणि ३०/६० या दोन पद्धती) बदलायची सोय असते, सोनीच्या काही मॉडेलांत मात्र ते बदललं की कार्ड फॉरमॅट करायला सांगतो, म्हणून रिकामं कार्ड घालूनच बदला. आणि जुना युरोपातला कॅमेरा २९ मिनिटं ५९ सेकंदांना रेकॉर्डिंग थांबवतो तो बिघाड नाहीये, तिकडे अर्धा तास आणि त्यावर रेकॉर्ड करणाऱ्या यंत्राला व्हिडिओ कॅमेरा समजून जास्त ड्युटी लागायची म्हणून घातलेली मर्यादा ती. पुढे बऱ्याच कंपन्यांनी इतर देशांतही तीच ठेवली होती.

फ्लॅशवाल्यांसाठी अजून एक, तुला पक्ष्यांना लागणार नाही पण कुणी वाचत असेल तर. रेडिओ ट्रिगर (फ्लॅश दुरून पेटवणारं यंत्र) बाहेरून आणताना फ्रिक्वेन्सी बघा. पॉकेटविझार्ड या ट्रिगरच्या ब्रँडचं अमेरिकन मॉडेल ३४४ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतं आणि युरोपचं ४३३ वर, एक इथलं एक तिथलं घेतलंत तर दोघं एकमेकांशी बोलणारच नाहीत.

पाणकावळा

बापरे, किती कामाचं लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. मंद_शटर, बॉडी सोनीच घेणार होतो!! मेहुण्याला रात्रीच फोन लावला, तो दुकानात जाऊन आला, म्हणाला हो दाजी, स्वस्तवालं फक्त जपानी आहे, इंग्रजीवालं वेगळं आणि त्याचा भाव ऐकून तोच म्हणाला राहू द्या. एका फोनने वाचलो.

आता प्रश्न लेन्सचा राहिला. आणि तो ऑनलाइनवाला म्हणतो किट फोडून लेन्स वेगळी देतो, पांढऱ्या खोक्यात येईल, अजून स्वस्त. हे काय प्रकरण आहे?

भिंगरी

बॉडी-लेन्सचा एकत्र सेट येतो तो उघडून दोन्ही वेगवेगळं विकतात, ते हे. लेन्स नवीच असते पण डबा नाही, वॉरंटी कार्ड बॉडीबरोबर गेलेलं, आणि मधे कुणाकुणाच्या हातातून आली ते कळत नाही. शिवाय १००-४०० सहसा किटमध्ये येत नाही रे, मग हा कुठलं किट फोडतोय ते त्याला विचार. परत आलेला किंवा प्रदर्शनात ठेवलेला पीस असायची शक्यता मला जास्त वाटते. मी तरी घेणार नाही.

तिपाई

इथे ताईंना पूर्ण अनुमोदन. इम्पोर्टेड घ्यायची तर सीलबंद डबा, आणि डब्यावरचा, वस्तूवरचा आणि बिलावरचा सिरियल नंबर तिन्ही जुळायला हवेत. बिलावर नंबर लिहायला तयार नसेल तर तिथून उठायचं. 'दुकानाची वॉरंटी' म्हणजे नक्की काय तेही लेखी घ्या, दुरुस्ती कोण करणार, पाठवायचा खर्च कुणाचा, किती दिवसांत. बहुतेक ठिकाणी दुकानदार बाहेरच्या कारागिराकडेच देतो. आणि सोबत मेमरी कार्ड, बॅटरी फुकट देत असेल तर त्या कार्डावर महत्त्वाचं काही काढण्याआधी एकदा पूर्ण भरून सगळ्या फाइल उघडून बघा, खोटी कार्डं क्षमता जास्त दाखवतात आणि भरत आली की फाइल खराब करतात.

मेहुण्याकडून लेन्स आणणार असाल तर कस्टम ड्युटी धरूनच हिशेब करा. ड्युटी न धरता केलेली बचत ही बचत नव्हे.

पाणकावळा

अपडेट देतो. भिंगरीताईंनी सांगितलं तसं सर्व्हिस सेंटरला फोन केला आणि नेमकं एकच विचारलं, परदेशात घेतलेली लेन्स वॉरंटीत नसेल तर पैसे भरून दुरुस्त कराल का. पहिल्याने गोलमाल उत्तर दिलं म्हणून ईमेल पाठवला, चार दिवसांनी उत्तर आलं. लेन्स दुरुस्त करू, सुटे भाग असतील तर, आणि मूळ बिल दाखवावं लागेल. तो ईमेल जपून ठेवलाय.

मग असं ठरवलं की बॉडी अधिकृत डीलरकडूनच घ्यायची, फरक सोसायचा. त्यात भाषा, बिघाड, पुढे विकणं सगळंच आलं आणि बॉडीतलं इलेक्ट्रॉनिक्स बिघडलं तर बाहेरचा कारागीर हात लावेलच असं नाही. लेन्स मेहुण्याकडून, ड्युटी धरूनही थोडी स्वस्त पडतेय, आणि तो त्याच्या नावावरचं बिल नंबरासकट आणणार आहे. ट्रायपॉड पुढच्या वर्षी.

भिंगरी

छान केलंस. मेहुण्याला सांग, विमानात बसायच्या आधी तिथेच तपासून घे, परत करायची मुदत तिथेच आहे. त्याच्याकडे बॉडी नसेल तर दुकानातल्या बॉडीवर लावू देतात का विचारायचं. विटांच्या सपाट भिंतीसमोर कॅमेरा अगदी समोरासमोर धरायचा, ४०० वर, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, तीन-चार फोटो. मग मोठं करून चारही कोपरे बघायचे. चारही थोडे मऊ (जरा कमी स्पष्ट) असतील तर चालतं, पण तीन कोपरे स्वच्छ आणि एकच धुरकट असेल तर आतली काच तिरकी बसलीय, लगेच बदलून मागायची. इथे आल्यावर ती बदलून कोणी देणार नाही.

पाणकावळा

पाठवलं त्याला, जसंच्या तसं. भिंत शोधतोय म्हणाला.